विधिवैद्यक : केवळ उत्तीर्ण होण्यापुरता विषय?

द्वितीय व्यावसायिक वर्षाच्या विद्यार्थ्यांना अगदतंत्र व विधिवैद्यक शिकविताना पहिल्याच तासाला मी त्यांना एक कोरा कागद काढावयास सांगतो. प्रसंग असा देतो : रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या इमारतीतून बोलावणे येते. पंचाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ अंथरुणावर गतप्राण झालेले आहेत. नाडी नाही, श्वास नाही, बाहुल्या विस्फारलेल्या आहेत. त्यांचा मुलगा म्हणतो, "डॉक्टर, तेवढा दाखला लिहून द्या हो, म्हणजे सकाळी वैकुंठाला न्यायला अडचण यायला नको." या दाखल्यावर मृत्यूचे कारण म्हणून काय लिहाल?

बहुतेक कागदांवर एकच वाक्य येते : हृदयक्रिया बंद पडल्यामुळे मृत्यू. त्यावर मी विचारतो की, हृदयक्रिया बंद न पडता मेलेला मनुष्य कोणी पाहिला आहे काय? वर्ग हसतो. परंतु पुढचे प्रश्न हसण्यासारखे नसतात. या गृहस्थांवर तुम्ही पूर्वी कधी उपचार केले होते का? मानेवरचा मफलर दूर करून पाहिलात का? उशाशी कोणत्या औषधांच्या बाटल्या होत्या? शरीर थंड होते की उष्ण, अंगात ताठरता आली होती का? 'रात्री दहाला झोपले तेव्हा ठणठणीत होते' हे मुलाचे म्हणणे त्या ताठरतेशी जुळते का? सर्व चिकित्साशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या वैद्याला हे प्रश्न जर एकाच विषयात भेटत असतील, तर तो विषय गौण कसा मानावा?

विषयाचे स्थान

परदेशांतील काही विद्यापीठांत पदवीच्या मुख्य विषयासोबत न्यायवैद्यकीय आरोग्य हा 'मायनर' म्हणजे जोडविषय घेता येतो. परिचर्या, समाजकार्य, मानसशास्त्र वा विधी शिकणारे विद्यार्थी तो ऐच्छिक म्हणून निवडतात. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर 'मुख्य' आणि 'गौण' हे शब्द महाविद्यालयांच्या प्रवेशपत्रांवर आता सर्रास दिसतात. बी. ए. एम. एस.च्या विद्यार्थ्याला मात्र अशी निवड करावी लागत नाही. त्याच्या अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचाच आहे. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या काळात त्याचे नाव 'अगदतंत्र, व्यवहार आयुर्वेद व विधिवैद्यक' असे भारदस्त होते. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत ते 'अगदतंत्र व विधिवैद्यक' असे आटोपशीर झाले. नाव आखूड झाले तरी विद्यार्थ्यांच्या मनातील स्थान बदललेले नाही. कायचिकित्सा आणि शल्य यांचे वेध लागलेल्या मुलांना हा वाटेवरचा एक टप्पा वाटतो. परीक्षेच्या आधी विषांच्या मात्रा पाठ करावयाच्या, जखमांचे प्रकार पाठ करावयाचे, आणि निकालानंतर पुस्तक धाकट्या वर्गातील मुलांना देऊन टाकावयाचे, हाच शिरस्ता आहे. आमच्या वेळीही हेच होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

वास्तविक हा विषय आपल्या परंपरेला परका नाही. सुश्रुताच्या कल्पस्थानाचा पहिलाच अध्याय अन्नपानाच्या रक्षणाचा आहे. सविष अन्न अग्नीत टाकल्यास ज्वाला व धूर कसे दिसतात, ते खाल्ल्याने माश्या व पक्षी यांचे काय होते, याचे वर्णन तर तेथे आहेच. पण त्याहून लक्षणीय आहे ते विष देणाऱ्या माणसाचे वर्णन. विचारले असता त्याला धड उत्तर देता येत नाही, तो बोटे मोडतो, जमीन उकरतो, कारण नसता हसतो. वैद्याने केवळ अन्नाकडे नव्हे, तर ते वाढणाऱ्याकडेही पाहावे, अशी ही दृष्टी होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायात आशुमृतकपरीक्षा म्हणजे अकस्मात मेलेल्याची परीक्षा सांगितली आहे. प्रेतास तेल लावून ते तपासावे, गळा दाबलेला, फाशी दिलेला, बुडविलेला, विष दिलेला यांची चिन्हे कोणती, हे तेथे क्रमाने दिले आहे. हातपाय, दात व नखे काळवंडणे आणि तोंडास फेस येणे ही विषाची चिन्हे. मग अन्नशेषाची परीक्षा. आणि एवढ्यावर न थांबता मृताचे नोकर, नातलग, वारसाहक्क, वैर यांची चौकशी. देह आणि परिस्थिती ही दोन्ही एकत्र वाचावीत, हा त्यातील गाभा आहे. तो गाभा किती टिकाऊ आहे याची साक्ष आपल्या पुण्यातील दोन खटले देतात.

पुण्याचे दोन खटले

पहिला खटला जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा. त्यांना मधुमेहाचा विकार होता. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांच्या घरचे डॉक्टर. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या तज्ज्ञास प्रकृती दाखविण्याच्या निमित्ताने दोघे पुण्याहून रेल्वेने निघाले. पहाटे गाडी मुंबईस पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेण्यात आले आणि तेथे त्यांचे नाव भलतेच सांगण्यात आले. शुद्धीवर न येताच त्याच दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास त्यांचा अंत झाला. मधुमेहजन्य संन्यास असे निदान झाले. नातेवाईक म्हणून कोणी आले नाही. देह बेवारस ठरला आणि शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला, म्हणजे दहा दिवसांनी. रासायनिक विश्लेषणात कोणतेही विष सापडले नाही. दरम्यान पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत राहिली की, आपण पुनर्विवाह करून दूरदेशी गेलो आहोत. आणि त्यांची मालमत्ता हळूहळू दुसऱ्या हाती जात राहिली.

खटला पुण्याच्या सत्र न्यायालयात चालला. फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अपील फेटाळले. बहुमताचे निकालपत्र न्या. हिदायतुल्ला यांचे आहे, न्या. सरकार यांनी भिन्न मत नोंदविले, कारण मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झाले आहे, असे त्यांना वाटले नाही. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे की, विष न सापडणे म्हणजे विष नव्हतेच असे नव्हे. कित्येक विषे मागमूस ठेवीत नाहीत. देह कुजला असेल, तपासणीस विलंब झाला असेल, तर शोध आणखी अवघड होतो. अशा वेळी आरोपीचे आधीचे व नंतरचे वर्तन, खोटे नाव, दडवादडवी, मालमत्तेचा लोभ हे सर्व एकत्र जोखावे लागते. कौटिल्याच्या त्या अध्यायाशी हे किती जुळते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

वैद्यकीय व्यावसायिकाने या खटल्याकडे आणखी एका अंगाने पाहावे असे मला वाटते. रुग्णालयातील त्या सकाळच्या केसपेपरवरील नोंदी, लघवीच्या तपासणीपर्यंत, तीन न्यायालयांत ओळ न् ओळ वाचल्या गेल्या. बेशुद्ध स्त्री आणि तिचा इतिहास सांगणारा एकच मनुष्य, तोही डॉक्टर. अशा स्थितीत त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे किती स्वाभाविक होते! इतिहास सांगणारा कोण, याची नोंद इतिहासाइतकीच महत्त्वाची असते, हे विद्यार्थ्याला या खटल्यावरून जितके पटते तितके कोणत्याही व्याख्यानाने पटत नाही.

दुसरा खटला याच्या उलट बाजूचा. जून १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. येथे विष नि:संशय सापडले : पोटॅशियम सायनाइड. सत्र न्यायालयाने पतीस फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्यांना निर्दोष मुक्त केले. विष होते, ते कोणी दिले की स्वत: घेतले, हे सिद्ध झाले नव्हते, आणि आत्महत्येची शक्यता दूर करता येत नव्हती. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वे सांगितली गेली, ती आजही देशभरातील न्यायालयांत उद्धृत होतात. पुण्याच्याच एका प्रकरणात विष सापडले नाही तरी शिक्षा टिकली आणि दुसऱ्यात विष सापडूनही ती टिकली नाही. प्रयोगशाळेच्या अहवालाला अंतिम शब्द मानणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मी हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवतो.

दाखला

आता पुन्हा त्या रात्रीच्या बोलावण्याकडे येऊ. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १० नुसार, अखेरच्या आजारात ज्याने उपचार केले त्या व्यावसायिकाने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य द्यावयाचे असते. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, जवळच्या नातेवाईकासही प्रत देणे आले आहे. त्या नमुन्यात कारणांची साखळी लिहावयाची असते : तत्काळ कारण, ते ज्यामुळे उद्भवले ते कारण, आणि सर्वांच्या मुळाशी असलेला व्याधी. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास ही रचना नवी वाटू नये. हेतूपासून व्याधीपर्यंतचा प्रवास पायरीपायरीने मांडणे ही आपल्या निदानपंचकाचीच शिस्त आहे.

ज्याने अखेरच्या आजारात उपचार केले नाहीत, त्याने कारण लिहू नये. मृत्यू झाला आहे एवढे सांगावे आणि पुढील वाट दाखवावी. मान, हात, तोंड, वास, आजूबाजूच्या वस्तू यांत काही खटकले, किंवा मृत्यू अपघात, भाजणे, बुडणे, विष यांमुळे असेल, तर दाखला देऊच नये. पोलीस ठाण्यास कळवावे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीची आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. नातेवाईक नाराज होतात, गल्लीतली वर्षानुवर्षांची ओळख आड येते, 'तुम्ही आमच्या घरचेच, तुम्हीसुद्धा?' असे ऐकावे लागते. हे सोसावे लागते. पेठांमधील वैद्याची प्रतिष्ठा ज्या घरोब्यावर उभी असते, तोच घरोबा अशा क्षणी त्याच्या लेखणीला सर्वांत घातक ठरतो.

येथे एक स्वत:ची चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत भांडणात मार लागलेला एक तरुण माझ्याकडे आला. मी जखम धुतली, पट्टी बांधली, आणि नोंदवहीत 'डाव्या हातास जखम' एवढेच लिहिले. चार वर्षांनी न्यायालयाचे समन्स आले. उलटतपासणीत वकिलांनी अत्यंत सौजन्याने विचारले की, जखम किती लांबीची, कडा कशा होत्या, कोपराच्या वर की खाली, हत्यार धारदार की बोथट? मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. साक्ष संपल्यावर तो तरुण, जो आता दोन मुलांचा बाप होता, बाहेर व्हरांड्यात माझ्याशी न बोलता निघून गेला. त्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या खणात मोजपट्टी असते. जखमेची लांबी, रुंदी, जागा, रंग, कडा, रुग्ण आला ती वेळ, त्याने सांगितलेला प्रकार त्याच्याच शब्दांत, आणि सोबत आलेल्याचे नाव ही टिपणे पाच मिनिटांत होतात. नव्या भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापतीच्या व्याख्येतील वीस दिवसांची मुदत पंधरा दिवसांवर आली आहे. म्हणजे रुग्ण किती दिवस तीव्र वेदनेत होता वा नित्याची कामे करू शकत नव्हता, याची नोंद आता अधिकच निर्णायक होणार.

आपली जमेची बाजू, आणि एक धोका

विषशास्त्रात आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याची बाजू जमेची आहे, ही गोष्ट आपण स्वत:च विसरतो. बचनाग, धोत्रा, गुंज, कुचला, कण्हेर, रुई ही झाडे त्याने द्रव्यगुणात पाहिलेली असतात, त्यांतील कित्येकांचे शोधन रसशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्वहस्ते केलेले असते. एक द्रव्य औषध केव्हा आणि मारक केव्हा, हे त्याला दोन्ही टोकांकडून ठाऊक असते. धोत्र्याचे बी पोटात गेलेला रुग्ण घसा कोरडा, बाहुल्या मोठ्या, बडबड चालू अशा स्थितीत आला, तर ते चित्र त्याने ओळखलेच पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आपल्या विषद्रव्यांची यादी आहे आणि अशा औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती यादी किती चिकित्सकांनी वाचली आहे? २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचा अहवाल आला, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी तो केवळ द्वेषमूलक म्हणून झटकून टाकला. अगदतंत्राच्या अभ्यासकाने तो मागवून वाचावयास हवा होता.

धोक्याबद्दल एक शब्द. चरकाने विषचिकित्सेचे चोवीस उपक्रम सांगितले. त्यांत अरिष्टाबंधन, छेदन, आचूषण आहेत. ते ग्रंथ म्हणून शिकवावेत, शिकवितोही. परंतु नाग, मण्यार, घोणस वा फुरसे चावलेला रुग्ण दारात आला असता आवळून बांधणे, चीर देणे, रक्त शोषणे यांतील काहीही करू नये. अवयव स्थिर ठेवून, रुग्णास धीर देऊन, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. शास्त्राभिमानापोटी येथे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. या मुद्द्यावर माझे काही ज्येष्ठ सहकाऱ्यांशी मतभेद झाले आहेत, ते होवोत.

कायद्यात वैद्य कोठे?

हा भाग आपल्या संघटनेने गांभीर्याने घ्यावा असा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास मर्यादा दोन वर्षांची. पुढील स्पष्टीकरण वाचा. तेथे नोंदणीकृत व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, २०१९ खालील अर्हता व नोंदणी असणारा, असे म्हटले आहे. आपली नोंदणी त्या अधिनियमाखाली नाही. कलमाचे शब्द जसे आहेत तसे घेतले, तर तीच चूक झाल्यास वैद्याला पाच वर्षांचे कलम लागू होते. किती व्यवसायबंधूंना हे ठाऊक आहे?

त्यास जोडून १९९६ चा पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा मुंबईच्या प्रकरणातील निकाल वाचावा. होमिओपॅथीच्या व्यावसायिकाने ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला, आणि ज्या पद्धतीचे ज्ञान नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. १९९८ च्या मुख्त्यार चंद निकालाने हा प्रश्न राज्याराज्यांच्या तरतुदींवर सोपविला. आपल्या राज्यात कोणती अधिसूचना कोणास किती अधिकार देते, हे ऐकीव माहितीवर सोडू नये.

उलट, काही कर्तव्ये अशी आहेत की तेथे नोंदणी कोणती, हे विचारलेच जात नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती वा शंका आल्यास ती पोलिसांस कळविणे २०१२ च्या पोक्सो अधिनियमाच्या कलम १९ ने प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक केले आहे. न कळविल्यास कलम २१ ची शिक्षा आहे. पोटदुखीची तक्रार घेऊन आईसोबत आलेली मुलगी प्रथम आपल्याच दवाखान्यात येते, सरकारी रुग्णालयात नव्हे. १९८९ च्या परमानंद कटारा निकालानेही हेच सांगितले की, अपघातग्रस्तास प्रथमोपचार आधी, पोलीस सोपस्कार नंतर.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. त्यात दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण त्या आठवड्यात वर्गात मला काहीच शिकवावे लागले नाही. नमुना कोणी घेतला, कोणासमोर सील केला, कोणाच्या हाती दिला, कुपीवर नाव कोणी लिहिले, हे प्रश्न विद्यार्थी स्वत:च विचारीत होते. गणेशखिंडच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पोहोचणाऱ्या प्रत्येक कुपीमागे अशी हातांची साखळी असते, आणि तिचा पहिला दुवा बहुधा एखादा नुकता पदवीधर झालेला, रात्रपाळीने पेंगुळलेला मुलगा असतो.

अध्यापनात बदल करावयाचे तर ते फार खर्चिक नाहीत. शवविच्छेदन एकदा दुरून दाखवून आणण्याऐवजी, विद्यार्थ्याकडून नमुना ४-अ वर्षातून किमान दहा वेळा कल्पित प्रसंगांवर भरून घ्यावा आणि त्यावर गुण द्यावेत. जखमेचे वर्णन छायाचित्रावरून लिहून घ्यावे. एखाद्या निवृत्त सरकारी अभियोक्त्यास बोलावून वर्गात खोटी साक्ष-उलटतपासणी करावी. दोन वर्षांपूर्वी आम्ही तसे केले, तेव्हा पहिल्या बाकावरची हुशार मुलगी तिसऱ्याच प्रश्नाला गप्प झाली आणि नंतर तिने स्वत:चा दाखला परत मागून घेतला, दुरुस्त करण्यासाठी. आम्ही तो दिला नाही. न्यायालयातही मिळाला नसता, हे तिला सांगितले, आणि कोरा नमुना पुढे ठेवला.